उसने वाडगे

८ — मगरीचा दिवस

संपलं! सासूबाईंचे बारा वाडगे आता सगळ्या गल्लीला दिसणार. म्हणजे दिसणार नाहीत. कारण बारा नाहीतच — एक आहे, तोही कडेला टवका उडालेला.

बावन्न वर्षांचा फेरा चार दिवसांत पुरा होतोय. त्याआधी घरातलं प्रत्येक मडकं, तवा, वाडगा दारात आणून फोडायचा, चुली विझवायच्या, आणि डोंगरावर नवा अग्नी पेटतो का ते बघायचं. नाही पेटला तर जग बुडालं. सासूबाईंना जगाची फिकीर नाही. "गल्ली मोजेल गं, नेकावाल!" — सकाळपासून एवढंच.

नऊ वर्षं मी या घरात आहे. नऊ वर्षं ऐकतेय, "आमच्याकडे दूरच्या चोलुला शहराचे बारा रंगीत वाडगे आहेत, सणाला काढतो." किती सण गेले! आता त्याच बारांवर शोकोचं, माझ्या धाकट्या नणंदेचं, लग्न अडलंय. वस्तीच्या मुखियाने तिला आपल्या मुलासाठी विचारलंय. आणि मुखियाची बायको फोडाफोडीच्या दिवशी मुद्दाम आमच्या दारात उभी राहणार आहे.

९ — वाऱ्याचा दिवस

उपाय निघाला. वाडगे उसने आणायचे — फोडायला!

समोर सेन्तेवा राहते. तिचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्यात हमाल. दरसाल चोलुलाला जातो, येताना ओझ्यात स्वतःचा म्हणून एक वाडगा आणतो. हमालाच्या घरात असे अकरा! सासूबाई तिला आजवर "ए हमालीण" म्हणत. आज तिच्या दारात जाऊन म्हणाल्या, "सेन्तेवाताई, आहात का?" माझ्या हातातली सूत कातायची चाती पडली.

"तुमचे फुटणारच आहेत ना? मग माझ्या दारात फुटले तर तुमचं काय जातंय?"

सेन्तेवाने जरा विचार केला. "जात काही नाही. पण आधी माझ्याकडे जेवायला या. दिवसाउजेडी. पुढच्या दाराने."

१० — घराचा दिवस

सासूबाई हमालाच्या घरी जेवल्या. तीनदा मागून घेतलं. घरी येऊन मला सांगतात, "मिरची जास्त होती."

११ — सरड्याचा दिवस

फोडले!

आधी माझी मडकी — काळ्या रेघांची, माहेरची, तळ्याकाठच्या मातीची. ती कुणी बघितलीही नाहीत. मग सासूबाई बाहेर आल्या. डोक्यात फूल काय, चाल काय! मुखियाची बायको समोर हाताची घडी घालून उभी. एकेक वाडगा उचलायचा, गल्लीला फिरवून दाखवायचा, त्याची कुळकथा सांगायची, आणि धाडकन! "हा माझ्या आजोबांनी आणला." धाडकन! "हा आजोबांच्या भावाने." सातव्यापर्यंत आजोबांना पाच भाऊ झाले होते. आठव्याला माझा नवरा किआव घरात पळाला. हसू आवरेना त्याला.

तिसरा फुटला तेव्हा सेन्तेवाने मान फिरवली. ते मी एकटीने बघितलं. निदान मला तसं वाटलं.

१२ — सापाचा दिवस

चुली विझल्या. घरभर थंड राख. मला सातवा महिना, आणि अग्नी पेटला नाही तर पोटुशी बाई हिंस्र जनावर होऊन माणसं खाते म्हणतात. म्हणून आज मला तोंडावर घायपाताच्या पानाचा मुखवटा बांधून मक्याच्या कणगीत कोंडणार. मी विचारलं, सुरुवात कुणापासून करायची ते ठरवता येतं का? सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१३ — मृत्यूचा दिवस

जग आहे! मी पण आहे!

किआव रात्रभर कणगीबाहेर दांडकं घेऊन बसला होता. "भूक लागली तर हाक मार. पण गुरगुरू नकोस हं, मला भीती वाटते." मग एकदम ओरडा — पेटला, पेटला! दार उघडलं तर दांडकं टाकून रडतोय वेडा. मुखवटा सोडायचंही भान नाही त्याला, तसाच मिठी मारली. घायपाताचा काटा लागला नाकाला.

१ — हरणाचा दिवस

गावात एक मडकं शिल्लक नाही. निखाऱ्यावर कणसं भाजतो, मक्याच्या पानावर खातो. शोको काल आणि आज पहाटेपासून कुंभारवाड्यात रांगेत उभी राहिली आणि रिकाम्या हाताने आली.

दुपारी मुखियाच्या घरून म्हातारी निरोप घेऊन आली. नकार! "बारा वाडगे एका दमात फोडणारी माणसं तुम्ही. आमचे सगळे मिळून चार होते. एवढ्या बड्या घरची सून आम्हाला झेपायची नाही."



२ — सशाचा दिवस

सासूबाई सकाळी उठून एकट्याच मुखियाकडे गेल्या. परत आल्या त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. असं नऊ वर्षांत झालं नव्हतं.

"सांगून टाकलं. अकरा सेन्तेवाचे, माझा एकच. तोही टवका उडालेला."

"मग?"

"हसली ती मुखियाची बायको. म्हणाली, आमच्या चारांतले दोन माझ्या जावेचे."

म्हणजे जमलं! मी हसायला लागले, पण सासूबाई हसेनात.

"येताना सेन्तेवाकडे गेले होते. तो तिसरा वाडगा... तिची मुलगी जन्मली त्या वर्षी नवऱ्याने आणलेला. मुलगी राहिली नाही. आणि मी गल्लीला सांगितलं, आजोबांच्या चुलतभावाचा."

मी त्यांच्या हातात कणीस दिलं. खाल्लं नाही त्यांनी.

६ — गवताचा दिवस

शोको आजही कुंभारवाड्यातून रिकाम्या हाताने आली. निखाऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "मुखियाला नाही म्हणून कळवा. मी कुंभाराच्या घरी सून म्हणून जाणार. आमचं ठरलंय."

किआवचं कणीस हातातच राहिलं. सासूबाईंकडे बघायची माझी छाती होईना.

त्यांनी निखाऱ्यावरचं कणीस उलटवलं आणि विचारलं, "भट्टी केवढी आहे त्यांची?"