नवं ब्लेड डाव्या गालाला

२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तोंड पूर्ण सरळ झालंय आणि शिट्टीसुद्धा वाजते, हे वाचून जीव भांड्यात पडला. सात महिन्यांपूर्वी तुमच्या तोंडावरून वारं गेलं तेव्हा मी ही नोकरी नाकारणारच होते. तुम्ही मला समोर बसवून प, फ, ब, भ, म असं खणखणीत म्हणून दाखवलंत, तेव्हा कुठे मी बॅग भरली.

आता कामाचं. आमच्या कारखान्याचं नवं ब्लेड तयार झालंय. पाकिटावर 'दहा आरामदायी दाढ्या' असं छापायचं मॅनेजरांनी मनात धरलंय आणि चाचणी खोलीची प्रमुख म्हणून त्याखाली सही लागणार माझी. खोलीत पाच जण रोज सकाळी ओळीने बसून दाढी करतात. पण मॅनेजर दारातून डोकावले की पाचही जणांचे गाल एकदम सुखावतात. मॅनेजर म्हणतात की जिला दाढीच नाही तिने दाढीवर मत कशाला द्यावं. मला मत नाही द्यायचं, आकडा द्यायचाय, आणि तो खरा हवा. लोक सकाळच्या घाईत त्या आकड्याच्या भरवशावर गळ्यावरून ब्लेड फिरवणार.

म्हणून बाहेरचा माणूस हवाय. तुमचे खुंट तारेच्या घासणीसारखे, आणि पाट्या रंगवण्यात जन्म गेला पण चुकीची वेलांटी तुम्ही कधी जाऊ दिली नाहीत, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी. सोबत दोन रेझर आहेत. लाल दोऱ्याच्यात नवं ब्लेड, ते डाव्या गालाला. पांढऱ्या दोऱ्याच्यात जुनं, ते उजव्या. आमच्या खोलीची रीतच आहे, नवं नेहमी डावीकडे. माणूस एक, साबण एक, सकाळ एक, म्हणजे जो फरक पडेल तो ब्लेडचा. तक्त्यावर रोज दोन्ही गालांपुढे 'आरामात', 'चालेल' किंवा 'लागतं' यातला एक शब्द लिहा. 'लागतं' आलं की ते ब्लेड बाद.

आईला नमस्कार. माया आहे तेवढी पुरते, तरी थोडी जास्त पाठवा.
तुमची
भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पार्सल आलं आणि दुसऱ्या सकाळपासून आरशासमोर बैठक मारली. तुझी आई म्हणते की लग्नाच्या दिवशीही मी इतका वेळ आरशात पाहिलं नव्हतं. तिला म्हणू दे. वारं गेल्यापासून दुकान बंद आहे, त्यामुळे सकाळी उठून करायला काहीतरी आहे याचंच मला अप्रूप.

उजवीकडचं जुनं ब्लेड चार दिवस आरामात चाललं. पाचव्या दिवशी 'चालेल' लिहिलं. सहाव्या दिवशी हनुवटीखाली असं ओढलं की डोळ्यांत टचकन पाणी आलं, तिथे ते बाद. डावीकडचं नवं मात्र बहाद्दर निघालं. आज अकरावा दिवस आणि अकराही दिवस 'आरामात'. एकदाही लागलं नाही. तक्ता सोबत आहे, रेघा पट्टीने मारल्यात. धर मॅनेजरांच्या नाकासमोर.

माझी तब्येत उत्तम. तू वेळेवर जेवत जा आणि आमच्यावरचा लोभ पत्रांच्या संख्येत दाखव.
तुझे
बाबा


२० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा! मी मनात सहा-सात धरून बसले होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण तक्ता तुमचा. मॅनेजरांची माफी मागितली, दहाच्या आकड्याखाली सही केली आणि पाकिटाचा मजकूर छापखान्यात गेलासुद्धा. आज पहिल्यांदाच त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर खरं तर तुमचा हक्क आहे.

घाईत आहे. रागावू नका, असेच जवळ धरून राहा.
तुमची
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस आईचा आशीर्वाद.

यांना न सांगता लिहितेय. कसली गं ही ब्लेडं पाठवलीस? यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी डावीकडे रक्ताने डागाळल्यात. मागच्या आठवड्यात जबड्याखाली बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती आणि स्वारी शांतपणे पेपर वाचत बसलेली. मी कापूस लावायला गेले तेव्हा माझी लाल बोटं बघून त्यांना कळलं. उजव्या बाजूला म्हणशील तर साधा ओरखडा नाही.

लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते. त्यांना डाव्या गालाला काही कळत नाही. वारं गेलं तेव्हापासून नाही. तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, पण चहाचा ओघळ हनुवटीवर आला तरी यांना पत्ता नसतो. तू नोकरी सोडून येशील म्हणून तुला सांगायचं नाही, असा माझ्याकडून शब्द घेतला होता. तो मी आज मोडला. त्यांच्याशी काय भांडायचं ते भांड, पण ती ब्लेडं परत मागव.

जिवाला जप.
तुझी
आई


२६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. तिला एक शब्द बोलू नका.

पत्र वाचलं आणि तशीच उठून मॅनेजरांकडे गेले. माझा आकडा चुकलाय, छपाई थांबवा म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. ते मी सांगितलं नाही, कारण ती गोष्ट तुमची आहे, तुम्हाला न विचारता चव्हाट्यावर कशी मांडू? मग त्यांनी मला धरसोड करणारी म्हटलं, ते ऐकून घेतलं. पंधरा एप्रिलपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर नवा तक्ता आला नाही तर दहा छापलं जाईल, आणि त्याखाली माझी सही असेल.

मला राग आलाय बाबा, फार राग आलाय. समोर रक्त दिसत असताना 'आरामात' कसं लिहिलंत? आणि त्याहून जास्त राग माझा मला येतोय. नवं डावीकडे, असं मी डोळे झाकून लिहून मोकळी झाले. माझ्या बापाच्या कोणत्या गालावरून वारं गेलं होतं, हे मला आठवलं नाही.

आता नवं ब्लेड उजवीकडे घ्या. डावीकडची दाढी रोज कोऱ्या ब्लेडने आईने करायची, तुम्ही हात लावायचा नाही. जमणार नसेल तर सरळ तसं कळवा, मी दुसरा गाल शोधते.

रागात असले तरी तुमचीच,
भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आधी तक्ता. नवं ब्लेड, उजवा गाल: पाच दिवस आरामात, सहाव्या दिवशी 'चालेल', सातव्या दिवशी कानाखाली असं झोंबलं की मी ओरडलो. तिथेच थांबलो. म्हणजे जुन्याच्या पाच दाढ्या होत्या, नव्याच्या सहा झाल्या. दहा मुळीच नाहीत. उजव्या गालावर तू डोळे झाकून विश्वास ठेव.

आता माझं. तू विचारलं होतंस, लागतं का. लागत नव्हतं, म्हणून तसं लिहिलं. शब्दाला शब्द खरा आणि अख्खा तक्ता खोटा. सुरुवातीला मला वाटलं, पुळी फुटली असेल. आठव्या दिवशी सगळं ध्यानात आलं होतं. पण तसं लिहिलं असतं तर तू तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस. शिवाय सात महिन्यांनी हाताला काम लागलं होतं, तेही माझ्याने सोडवेना. मला लाज वाटते. यापुढे तुला फसवणार नाही.

मॅनेजरांना कारण सांग. 'पहिल्या चाचणीतल्या माणसाचा डावा गाल बधिर होता' असं तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिही. भिडेपोटी अक्षर बारीक काढू नकोस. लांबून वाचता येत नसेल तर ती पाटी कसली?

डावा गाल सध्या तुझ्या आईच्या ताब्यात आहे. ती साबण लावताना बोलते आणि मला तोंड उघडता येत नाही, त्यामुळे ती खुशीत आहे. तूही आता राग आवर, आणि आम्हाला पूर्वीसारखंच आपलं म्हण.
तुझे
बाबा


१७ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सहा! पाकिटावर सहा छापलं जातंय.

तुम्ही सांगितलंत तशी ओळ ठळक लिहिली आणि तक्ता आधी चाचणी खोलीच्या भिंतीवर लावला. मॅनेजर म्हणाले की एका म्हाताऱ्याच्या एका गालावर कारखाना चालत नाही. मी दहावरची सही मागे घेतलीय, आता हवं तर मला काढा, असं सांगून माझ्या जागेवर जाऊन बसले. दुपारी आमच्या पाचातले सगळ्यात जुने काका भिंतीवरचा तक्ता वाचत बराच वेळ उभे होते. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले की एवढं स्वतःचं उघड्यावर लिहायला छाती लागते, आणि मलाही सातव्या दिवशी लागत होतं. त्यांच्यामागून उरलेले चौघेही आले. पाच जणांच्या सह्या बघून मॅनेजरांचा नाइलाज झाला.

त्याचा वचपा त्यांनी काढलाच. नव्या ब्लेडची प्रत्येक तक्रार माझ्या टेबलावर येणार आणि वर्षभर मला रजा नाही. म्हणून विचारते. माझं काम झालंय. तुम्ही 'ये' म्हणालात तर उद्या राजीनामा देऊन निघते. पण आता 'तब्येत उत्तम' लिहून पाठवू नका. कुठे लागतं, कुठे लागत नाही, तेवढंच लिहा.

तुमच्या उत्तराची वाट बघत,
भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

विचारलंस तसं लिहितो. डाव्या गालाला काही लागत नाही. डॉक्टरांनी आधी कापूस फिरवला, मग टाचणी. म्हणाले, जाणीव परत येईलही, नाहीही. चहा अजून सांडतो. आईने गळ्यात रुमाल बांधलाय, तो मला मुळीच आवडत नाही. दुकानाला कुलूप आहे, ते लागतं. संध्याकाळी तुझ्या खोलीत दिवा लावायला जातो आणि तिथे तू नसतेस, ते फार लागतं.

एवढं सगळं खरं सांगून झाल्यावरही तू येऊ नकोस. तक्रारी येतील त्या वाच, पुढचं ब्लेड तपास, आणि कुणी दहा म्हणाला तर पुन्हा तशीच जागेवर जाऊन बस. वर्षभर आम्ही निभावू. आरामात म्हणणार नाही मी. चालेल.

तुझे
बाबा