बटणला भाग ‘क’मधून काढण्याबाबत

प्रति,
मा. मूल्यांकन अधिकारी,
घरगुती मालमत्ता वाटप कक्ष.

विषय : कुत्री एक, लहान, पाळीव, पैदाशीस अयोग्य, हिचे नाव निरुपयोगी सामानातून तातडीने कमी करणेबाबत.

संदर्भ : १) आपली सामानाची यादी, भाग ‘क’.
२) माझाच मागील अर्ज, जो मी मागे घेऊ इच्छिते.

महोदय,

१. अर्जदार ही कै. घरमालकांची धाकटी, अविवाहित बहीण असून शिंप्याच्या दुकानासाठी घरबसल्या काजे-बटणे करीत आली आहे. दादा गेल्यावर घरातील सामानाची वाटणी त्यांच्या दोन मुलांत, म्हणजे माझ्या भाच्यांत, चालू आहे, हे आपणांस ज्ञात आहेच. आपण स्वतः येऊन कपाटापासून चमच्यापर्यंत चिठ्ठ्या चिकटवल्या. बटणच्या, म्हणजे सदर कुत्रीच्या, गळपट्ट्यालाही एक चिकटवली होती. ती तिने खाल्ली, त्याबद्दल क्षमस्व.

२. सदर कुत्री दादांनी पावती घेऊन विकत आणली असल्याने ती मालमत्तेत मोडते, हे मला मान्य आहे. थोरल्या भाच्याने ती जातिवंत आहे, पिल्ले देईल, असे सांगून तिची किंमत शिवणयंत्राच्या वर नेली, ती धाकट्याच्या वाट्याला लावली आणि बदल्यात मोठे कपाट आपल्याकडे घेतले. धाकट्याच्या घरी कुत्रे चालत नाही. तो म्हणाला, विकून टाकतो. तेवढ्या किमतीला विकत घेण्याची माझी ऐपत नाही. तेव्हा मी शहाणपणा केला. मागील अर्जासोबत पशुवैद्याचा दाखला जोडला की तिची नसबंदीची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली आहे, गुडघा निसटतो, झोपेत घोरते, सबब पैदाशीस अयोग्य. किंमत उतरली म्हणजे मला परवडेल, एवढाच हेतू होता. आपण दाखला वाचून लगेच शून्य लिहिलेत. मी मनातल्या मनात आपले आभारही मानले.

३. नंतर यादी हाती आली. भाग ‘क’ : चिरलेली बादली, दांडा नसलेली छत्री, वाळवी लागलेले स्टूल, कुत्री एक. खाली टीप, की वरील सर्वांची शुक्रवारी विल्हेवाट लावावी. आगीतून उठून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच, आणि ढकलणारी मीच.

४. भंगारवाला कुत्री नेत नाही, तर तिची सोय मी करतो, असे थोरल्याने सांगितले आहे. महोदय, तो वाईट नाही. माझ्याच मांडीवर वाढला. पण आमच्या म्हाताऱ्या मांजरीची सोयही त्यानेच केली होती. संध्याकाळी पोते रिकामे परत आले आणि धुऊन दोरीवर वाळत पडले. ते पोते आज जिन्याखाली घडी करून ठेवलेले आहे. काल तिथे नव्हते.

५. भीती वाटते असे अर्जात लिहायची पद्धत आहे की नाही, ठाऊक नाही. पण वाटते. जिन्यावर पाऊल वाजले की मी तिला शालीखाली घेते. ती घोरू लागली की बाहेर कळू नये म्हणून मी खोकते. आता दोघेही भाचे मला खोकल्याचे औषध आणून देऊ लागले आहेत.

६. अंगावरचे कपडे वाटणीत धरत नाहीत, हे आपणच सांगितले होते. बटण दिवसभर मांडीवर आणि थंडीत पोटाशी असते. तरी तिला अंगावरचे कापड समजण्यात यावे. कापड घोरत नाही, अशी हरकत कोणी घेतल्यास खोकणारी मी आहेच.

७. हे नियमात बसत नसल्यास पुढील निवेदन. काल भिंतीपलीकडे भाचे बोलत होते, की आत्याला कोणी न्यायचे. धाकटा म्हणाला, तुझ्याकडे जागा मोठी. थोरला म्हणाला, तुझ्याकडे जिने नाहीत. शेवटी थोरला म्हणाला, बघू, आत्याचीही काहीतरी सोय करू. त्याच्या मनात वाईट नसेल. पण तेव्हापासून मी खोलीला आतून कडी लावून बसते.

८. आपल्या यादीत माझे नाव कुठेच नाही. ते कुत्रीच्या ओळीखाली लिहावे : स्त्री एक, वृद्ध, अविवाहित, किंमत शून्य. या दोन्ही ओळी एकाच वाट्यात टाकाव्यात. कोणाच्या, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. शून्यात शून्य मिळवले तर कोणाचाच हिशेब बिघडत नाही. मात्र हे शुक्रवारच्या आत व्हावे. अर्जाची पोच घरी पाठवू नये, भाच्यांना कळेल.

आपली नम्र,
(सही)
दोघांची आत्या
दिनांक : बुधवार, दुपार

सोबत :
१) पशुवैद्याच्या दाखल्याची माझ्याकडील प्रत. आपल्याकडील प्रतीसोबत फाडून टाकावी.
२) पोते एक, घडी केलेले. कृपया परत पाठवू नये.