अब्बांच्या गाडीचं जुनं हँडल

बेलापूर,
शुक्रवार, दुपार

प्रिय मारिया,

खूप खूप दुआ. अम्मीचं पत्र, तेही अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कागदावर, म्हणून घाबरू नकोस. घरी सगळं खुशाल आहे. मोबाईल बिघडलेला नाही आणि रिचार्जही संपलेला नाही. रोज संध्याकाळी आपण बोलतोच. पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती "हो बेटा, हो बेटा" करत राहते. जे सांगायचं असतं ते ओढणीच्या गाठीतच राहतं. लिहिताना मला मध्येच कुणी तोडत नाही. सव्वीस वर्षं मी गावाच्या पोरांना गप्प बसवलं, आता जरा वेळ तू बस.

आमच्यासाठी सजवलेल्या खोलीचे तू पाठवलेले फोटो मी रोज बघते. ते निळे पडदे, खिडकीजवळचे दोन पलंग, अब्बांच्या पाठीसाठी मुद्दाम आणलेली कडक गादी. तू म्हणालीस, अब्बांना आता मोटारसायकल चालवता येत नाही, म्हणजे शेतातल्या विहिरींवर मोटारी दुरुस्त करायला जाता येत नाही, मग बेलापुरात बसून करायचं काय? गाडी विका आणि दोघं कायमचे पुण्याला या. तुझं म्हणणं मला पटलं होतं. खोटं कशाला सांगू, सामानासाठी टेम्पोवाल्याला मीच विचारून ठेवलं होतं.

तुझ्याशी ते फोनवर हसून बोलायचे, म्हणून तुला कळलं नसेल. तीन महिने घरात बसलेला तुझा बाप मी भोगलाय. माझा मिक्सर तीनदा खोलला, का तर आवाज बरोबर येत नाही म्हणे. फ्रीजला कान लावून बसायचे. शेजारच्या दिपालीचा कूलर तिने न सांगताच दुरुस्त करून ठेवला. रोज सकाळी अंगणात जाऊन गाडी पुसायची. उभ्या गाडीवर धूळ ती किती बसणार, पण अर्धा तास पुसायची. एकदा पढेगावहून भागवतभाऊंचा फोन आला. "कादरभाई, मोटार पानी उचलंना झालीय. दुसरा मिस्त्री आणला, त्याला काय उमजंना. तुमी नुसता आवाज ऐका अन् सांगा." त्यांनी मोबाईल मोटारीजवळ धरला. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं आणि बिघाड सांगितला. तो बरोबर निघाला, भागवतभाऊ खूश झाले. फोन ठेवल्यावर मात्र अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता खरी गंमत ऐक. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तुला माहीत आहेच, मणक्यातली जागा कमी झालीय, शीर दबते, ताठ बसलं की पायांत मुंग्या येतात, म्हणून गाडी बंद. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. मी मात्र वेगळंच बघत होते. घरी नमाज पढताना ते उभे राहिले की चेहरा आक्रसायचा, आणि रुकूत गुडघ्यांवर हात ठेवून वाकले की एकदम मोकळा व्हायचा. अगदी कळ गेलेल्या माणसाचा चेहरा. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "रुकूत गेलं की पाय परत माझे होतात." काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! अल्लाह दिवसातून पाच वेळा इलाज दाखवत होता आणि आम्ही गोळ्यांची पाकिटं मोजत होतो.

त्याच आठवड्यात मी श्रीरामपूरच्या स्टँडवर उभी होते. समोरून एक पोरगा गाडीवरून गेला. अब्बा ज्यांना "गाडीवर झोपलेले" म्हणतात ना, त्यातला. हँडल खाली, पाठ वाकलेली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर रुकूत बसलाय! मी भर रस्त्यात हसले. एक बाई माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली.

मी तशीच गोरक्षच्या गॅरेजवर गेले. गोरक्ष आठवतो का? माझ्या अंगणवाडीत खिचडीच्या वेळेपर्यंत रडायचा, तो. आता चार पोरं हाताखाली ठेवून आहे. त्याला म्हटलं, आपल्या जुन्या गाडीला तसलं हँडल बसेल का? म्हणाला, "बाई, बसंल की. पन हे पोरं बसवत्यात. काकांना कशाला?" सगळं सांगितल्यावर डोकं खाजवत म्हणाला, "पाय ठेवायची जागाबी मागं घ्यावी लागंल, न्हाईतर माणूस बेडकावानी बसंल." डॉक्टरांनाही विचारून आले बरं का, नाहीतर तू मला सोलून काढशील. ते हसले. वाकून बसणं यांना सोसतंय तर हळूहळू बघा म्हणाले, अर्ध्या तासाने उतरून पाय मोकळे करा आणि खड्डे टाळा. खड्डे टाळायचे तर आपल्याकडे घरीच बसावं लागेल, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अब्बांना मात्र मी विचारलं नाही. विचारलं असतं तर "या वयात हे चाळे" म्हणून विषय संपला असता. ते जुम्याच्या नमाजला गेले आणि गोरक्ष गाडी घेऊन गेला. इथे मी चुकले, मारिया. ते परत आले. अंगणात गाडी नव्हती, नुसता तेलाचा डाग होता. ते डागाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता आवाज चढेल. ते आत आले, टोपी खुंटीला लावली, पाणी प्याले आणि हळूच म्हणाले, "चांगल्या माणसाकडे दिलीस ना?" त्यांना वाटलं मी गाडी विकली. आणि विकली असं वाटूनही ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकतीस वर्षांच्या संसारात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, आणि ते सगळं ऐकून माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जशी मीच एखादी बिघडलेली मोटार आहे.

संध्याकाळी गाडी आली. तुला फोटो पाठवणार होते, पण म्हटलं आधी लिहू. टाकी तीच, सीट तीच, तोंड मात्र एकदम पहिलवानासारखं खाली. अब्बांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, दाढी खाजवली आणि बसले. गोरक्षने उत्साहात हँडल इतकं खाली घेतलं होतं की दाढी थेट मीटरवर टेकली. त्यांना समोरचा रस्ता दिसेना, फक्त स्वतःचा स्पीड दिसायचा, तोही शून्य. मशिदीच्या कोपऱ्यावर वळायला गेले तर मूठ टाकीला अडली, आणि गाडी पायांनी मागे ढकलत आणावी लागली. अख्खी गल्ली दारात. भागवतभाऊ नेमके गावात आलेले. "कादरभाई, रेसला निघाला का माझी मोटार काढायला?" मी म्हटलं, झालं, आता हे परत बसायचे नाहीत. तर हे खो-खो हसले! तीन महिन्यांनी पहिल्यांदा. म्हणाले, "भाऊ, दोन्हीबी करतो. येळ द्या जरा."

दुसऱ्या दिवशी गोरक्षने हँडल दोन बोटं वर घेतलं, वायरी नीट वळवल्या, मूठ टाकीपासून सोडवली. मग अब्बा एकटेच पढेगावला गेले. मी दाराशी बसून तांदूळ निवडले. निवडलेलेच परत निवडले. दीड तासाने आवाज आला. आता मलाही आवाजावरून कळतं, गाडी खुशीत आहे का नाही ते. उतरले, दोन्ही पाय जमिनीवर आपटून दाखवले, आणि आधी माझ्याकडे जेवण मागितलं. मुंग्या नव्हत्या, मारिया. मनगटं दुखत होती, ती अजून दुखतात. पण त्याचं त्यांना कौतुकच आहे. "पोरांना काय त्रास असतो ते आता कळलं" म्हणतात.

याला आता महिना झाला. तुला मुद्दाम सांगितलं नाही, हे चार दिवसांचं सुख आहे का टिकणारं, ते बघायचं होतं. टिकलं. रोज दोन-तीन विहिरी होतात. गावात त्यांना आता रेसर मिस्त्री म्हणतात आणि ते नाव ऐकलं की ते उगाच क्लच दाबतात. परवा मला कोल्हारला घेऊन गेले, निम्म्या वाटेवर चहाला थांबून. आजवर मी मागे एका बाजूला पाय सोडून बसून कॅरिअरचा दांडा धरायची, मध्ये हातभर अंतर, गावाची लाज म्हणून. आता त्यांची पाठ उतरती झाली. पहिल्याच ब्रेकला मी सरळ त्यांच्या पाठीवर! सावरून बसले, परत तेच. शेवटी नाद सोडला आणि कंबरेला हात घालून बसले. प्रवरेच्या पुलावर वारा होता. मी त्यांच्या पाठीला कान लावला, जसा ते फ्रीजला लावायचे. आवाज एकदम बरोबर होता. हे आईने लेकीला लिहू नये, पण लिहिलं.

तर आता ते, जे फोनवर मला जमत नाही. बेटा, आम्ही राहायला येत नाही. टेम्पोवाल्याला मी नको म्हणून सांगितलं. तू किती प्रेमाने खोली सजवलीस ते मला माहीत आहे, आणि तुझ्या आवाजाला नाही म्हणण्याची माझी छाती नाही, म्हणून हा कागद. हे पत्र दिपाली पुण्याला घेऊन येतेय, तिच्याकडे गोणपाटात गुंडाळलेलं एक लांब सामान आहे. ते उघड. गाडीचं जुनं हँडल आहे. मधोमध बघ, काळा रंग दोन ठिकाणी उडालाय, अगदी शेजारी शेजारी. शाळेत जाताना टाकीवर बसून तू तिथे धरायचीस. मागे गाडीला रंग दिला तेव्हा अब्बांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं, "तेवढं सोडून दे." आमच्या खोलीत एक खिळा ठोक आणि ते तिथे अडकव. पाहुणे म्हणून आम्ही येऊच, ईदनंतर आठ दिवस. पण गाडीवर नाही, एसटीने. तेवढं तू त्यांना सांग, माझं ते ऐकत नाहीत.

तुझीच,
रेसरची बायको, अम्मी