गाडी आली का?

सोमवार, ६ एप्रिल

चि. घुम्या,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की वाचल्याच्या खुणा उमटतात आणि पुढे तोंडात मिठाची गुळणी. म्हणून म्हटलं, कागदावरच लिहावं. पाकीट फोडायला निदान हात तरी हलवावे लागतील.

इकडे सगळं ठीक आहे. मध्ये दोन दिवस दवाखान्यात काढले, पण ते उन्हामुळे. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी तुला कळवायला निघाल्या होत्या, मीच नको म्हटलं. तू तिकडे गोदामात खोकी उचलायची सोडून काळजी करत बसशील, आणि काळजी करताना तुझं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे.

मोठी बातमी म्हणजे नवी पिकअप. बुक केल्यापासून शोरूमवाला मला नुसता झुलवतोय. आधी म्हणाला महिनाअखेर. मग म्हणाला जहाजावर आहे. मग जहाजावरून उतरली, पण कागदपत्रांत अडकली. काल मी सरळ त्याच्या टेबलापुढे जाऊन बसले.

"ताई, तुमच्यापेक्षा मला जास्त घाई आहे," म्हणतो.

मी म्हटलं, "का? तुमच्याकडेही माश्या उपाशी बसल्यात का?"

त्याला काही कळलं नाही. बिचाऱ्याने पाणी मागवलं.

पण माझा जीव खरंच टांगणीला लागलाय. इथली फुलं संपत आली. आठ-दहा दिवसांत आपल्या मधपेट्या वर पठारावर, बागवाल्या काकांच्या सफरचंदांत पोचल्या नाहीत, तर माश्यांना खायला काही उरणार नाही. आणि जुनी पिकअप एका दमात वर पोचत नाही, हे मी तुला काय सांगायचं! तशी विजेवरची गाडी गुणाची. धूर नाही, धडधड नाही, माश्या कशा शहाण्यासारख्या बसायच्या. पण अर्ध्या वाटेत बॅटरी मान टाकते. आणि जाळी बांधलेल्या पेट्यांना चालती गाडी लागते. वारा आहे तोवर माश्या तगतात. गाडी थांबली आणि ऊन चढलं, की आतल्या आत शिजून जातात.

मागच्या वर्षीच्या त्या चार्जिंग स्टेशनबद्दल आपण कधी बोललोच नाही. यंत्र एकच, तेही रडतराऊत, आणि रांगेत आपल्यापुढे तीन गाड्या. उजाडलं तसा पेट्यांतला आवाज वाढत गेला. तू नळावरून बादल्या भरभरून ओतत होतास. शेवटी जाळ्या सोडल्यास, आणि सगळी रांग आपापल्या गाड्यांत घुसून काचा वर करायला लागली. माणसं तुझ्यावर केवढी ओरडत होती! परत आल्यावर तू पिशवी भरलीस आणि निघून गेलास. मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

नवी गाडी एका दमात वर जाते. परत येताना चार्जिंग लागेल, तेही चहा पिऊन होईपर्यंत, असं शोरूमवाला म्हणतो. चहा किती गरम आहे त्यावर अवलंबून असणार.

पेट्या बऱ्या आहेत. लांबून तरी बऱ्या दिसतात.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


बुधवार, १५ एप्रिल

चि. घुम्या,
अनेक आशीर्वाद.

गाडी अजून आलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण सध्या मला दुसरं कोणी काही विचारतच नाही. दुकानात गेलं की दुकानदार, दारात आला की पोस्टमन, सगळ्यांचं एकच, "आली का?" गाडी नाही, जसं काही मी सूनच आणणार आहे.

आज सकाळी बागवाल्या काकांचा फोन आला.

"काय गं, आली का गाडी?"

"नाही ना काका. शोरूमवाला..."

"अगं, कळ्या फुगल्यात इथे. एक-दोन दिवसांत झाडं पांढरी होतील. फुलं काय तुझ्या शोरूमवाल्यासाठी थांबणारेत?"

"मी बघते काहीतरी."

"रविवारपर्यंत वाट बघतो. तुझ्या बाबांपासूनचं आपलं आहे म्हणून. रविवारी पेट्या नाही आल्या, तर मला दुसऱ्या मधवाल्याला सांगावं लागेल. मग राग मानू नकोस."

मी राग कशाला मानते! त्यांची वर्षभराची बाग आहे. 

परवा दोन हमाल बोलावून पाहिले. म्हटलं, गाडी येईल तेव्हा पेट्या चढवायला कोणीतरी आधी ठरवून ठेवलेलं बरं. एकाने पेटीला कान लावला. दुसऱ्याने त्याचं तोंड पाहिलं. दोघांनीही काढता पाय घेतला. एकाची टोपी इथेच राहिलीय, न्यायलाही आला नाही.

तू म्हणशील, हमाल कशाला, तू एकटी दोन माणसांचं उचलतेस. उचलायचे. आता वय झालं. हसू नकोस.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्या पेट्या दिसतात. पाण्याच्या पिंपाजवळच्या पेटीसमोर वर्दळ कमी झालीय. उघडून बघायला हवी. बघेन. कपडे हल्ली मावशींच्या गच्चीत वाळत घालते. तिकडे ऊन चांगलं लागतं.

आज का कोण जाणे, तू लहान असतानाचं आठवत होतं. बाबा आणि मी संध्याकाळी पेट्या चढवायचो आणि तू गाडीत बसून काच वर करायचास. नाक काचेला लावलेलं, तुझ्या श्वासाने काच धुरकट झालेली. मी बाहेरून टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "घाबरट!" बाबा मला रागवायचे. म्हणायचे, "राहू दे त्याला. आतून बघतोय ना, तेवढं पुरे." आणि मग एके दिवशी तू स्वतःच दार उघडून उतरलास आणि पेटीचं दुसरं टोक धरलंस. बोलला मात्र नाहीस काही. तेव्हापासूनच घुम्या.

नव्या गाडीची काच किती घट्ट बसते, सांगू? बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सीटला तो नवा वास आहे, आणि काचेच्या खाली हात टेकायला बरोबर जागा. शोरूममध्ये बघितली होती.

तुला बोलावत नाहीये. तसा समज करून घेऊ नकोस. तुझं तिकडे काम आहे, खोली आहे, आणि खोकी काही डंख मारत नाहीत. सहज लिहिलं.

तुझी,
ताई


शुक्रवार, १७ एप्रिल

घुम्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पार्सलच्या गाडीवाल्याच्या हातात देतेय. तो दुपारी तुमच्या गोदामात पोचतो. तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलंय.

काल संध्याकाळी फोनवर मेसेज आला. इतक्या महिन्यांनी तुझे तीन शब्द. "गाडी आली का?"

आणि मी लिहिलं, "नाही."

रात्रभर ते "नाही" डोळ्यांपुढे होतं. बागवाल्या काकांशी खोटं बोलले, दुकानदाराशी बोलले, त्याचं काही वाटलं नाही. पण तू एवढ्या दिवसांनी तोंड उघडलंस आणि मी तुझ्या तोंडावर खोटं मारलं.

गाडी आली आहे. मंगळवारीच आली. घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे, चार्जिंग पूर्ण. मावशींना सांगितलं, कोणाची तरी ठेवायला दिलीय. त्यांनी ताडपत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या. त्यांना सगळं माहीत आहे. तुलाच तेवढा ताकास तूर लागू दिला नाही.

मी दवाखान्यात होते ते उन्हामुळे नाही. मनगटावर एक माशी चावली. एकच. तसे शेकडो डंख मी आजवर नखाने खरवडून टाकले आणि पुढच्या पेटीला लागले. त्या दिवशी मात्र आधी ओठ जड झाले, मग सगळ्या अंगाला खाज, मग घशातून हवाच जाईना. ओरडायचं होतं, आवाज नाही. पिंपाजवळ पडले. हातातली बादली फरशीवर आपटली म्हणून मावशींनी कुंपणावरून बघितलं. नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुमच्या अंगाला हे विष आता चालत नाही. कधीकधी इतक्या वर्षांनीही असं होतं. पुढचा डंख दवाखान्यापर्यंत पोचू देईलच असं नाही. धंदा बदला."

मी हसले. म्हटलं, "अहो, बाबांच्या पेट्या आहेत त्या." तीही हसली, पण तिने शब्द काही मागे घेतला नाही.

मला भीती वाटते, घुम्या. तुला घाबरट म्हणणारी मी, आता अंगणात गुणगुण ऐकली की पाचावर धारण बसते. गाडी येत नव्हती तोवर बरं होतं. सगळा दोष शोरूमवाल्याचा होता. मी त्याला झापत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, अडकू दे, अजून थोडी अडकू दे. मंगळवारी ती दारात येऊन उभी राहिली आणि मला बहाणाच उरला नाही. चावी हातात देताना तो म्हणाला, "घ्या ताई, आता जा उडत पठारावर." मी त्याच्यासमोर रडले. त्याला वाटलं आनंदाने.

बुधवारी अंधार पडायच्या आधी प्रयत्न केला. दोन सदरे, वर तो जाड पोशाख, जाळीची टोपी, हातमोज्यांच्या कडांना चिकटपट्टी. पहिल्या पेटीवर दोन्ही हात ठेवले. हातमोज्यांतून ती थरथर तळव्यांना लागली आणि माझा श्वास असा अडकला, की मला वाटलं चावलीच. चावली नव्हती. मी तशीच मागे पळाले, गाडीत शिरले आणि काच वर केली. टोपी काढून नाक काचेला लावून बसले होते. मग आतला दिवा लावून तुला ते दुसरं पत्र लिहिलं, गाडी अजून आलेली नाही म्हणून.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नाही, म्हणून सांगते. त्या चार्जिंग स्टेशनवर जाळ्या सोडल्यास म्हणून ज्या वाचल्या, त्यांच्याच पेट्या आज अंगणात आहेत. माझ्यावर असतं तर मी बांधूनच ठेवल्या असत्या आणि सगळ्या मेल्या असत्या. मला त्या वेळी सुचलंच नाही. तुला सुचलं.

तर आता बोलावतेय. उघड उघड. ये.

रविवारपर्यंत वेळ आहे. उद्या संध्याकाळी माश्या परतल्या की पेट्या चढवायच्या, आणि ऊन चढायच्या आत वर. मध्ये कुठे थांबायचं नाही. त्यासाठीच तर ही गाडी घेतली. पिंपाजवळची पेटी आधी बघ, ती मला ठीक वाटत नाही. डॉक्टरीणबाईला मी पुन्हा विचारून आले. ती म्हणाली, इंजेक्शनशिवाय आणि माणसाशिवाय पेट्यांच्या आसपास फिरकायचं नाही. इंजेक्शन आणलंय. माणूस तू.

ते ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवलंय. टोपण काढायचं, टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, जोरात दाबून धरायचं. मी ओरडले तरी हात काढायचा नाही. मग जो दवाखाना जवळ असेल तिकडे गाडी वळवायची. पेट्यांचा विचार करायचा नाही. जाळ्या सोडायच्या आणि निघायचं. तुला ते जमतं.

आणि तू नाही आलास, तर मी एकटी पेट्यांना हात लावणार नाही, हा शब्द. रविवारी काकांना फोन करून सांगेन की दुसऱ्याला बोलवा. तेव्हा माझ्या जिवाच्या धाकाने धावत येऊ नकोस. मला ते नको आहे. अंगणातला आवाज तुलाही तिकडे आठवत असेल, तर ये. बोलायची सक्ती नाही. वाटेत मीच दोघांचं बोलेन.

चावी मावशींकडे ठेवलीय. आलास की ताडपत्री काढ आणि गाडीच्या काचेवर टिचकी मार. मला काय म्हणून चिडवायचं ते तुला माहीत आहे, बाबाही रागवायला नाहीत.

काच वर करून आत बसलेली,
तुझी घाबरट ताई