ताईचा भारदस्त आवाज

३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र टाळलं, कबूल. आधी पेन नव्हतं. मग पेन मिळालं, तर बाहुल्यांच्या कारखान्यात काम लागलं. डोळे बसवतो. परवा एकीला दोन्ही डावे बसले, ती मालकांकडे अशी काही बघते की... असो.

तुझ्या मिशीचं वाचून खूप हसलो. शेजारच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं, त्या हसल्या नाहीत. मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी, तिच्या बाहेरच्या थराला कॅन्सर, आणि तोच अंगात पुरुषी हार्मोन ओततोय, हे तू नळ गळतोय म्हणावं तसं लिहितेस! ऑपरेशन दोनदा पुढं का ढकललंस?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भिंगऱ्या

११ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अ. आ.

वीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारतेय, कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता या घोगऱ्या आवाजात वेळ सांगितली की चालक चहा अर्धा टाकून पळतात. घरमालकाने फोनवर मला साहेब म्हणत छत दुरुस्त करून दिलं. आगारप्रमुख म्हणतात, सुट्टीची गर्दी संपेपर्यंत गाठ राहू द्या.

तोंड भोपळ्यासारखं गोल झालंय, पाय काड्या, नुसता धक्का लागला तरी निळे डाग. गाठ मोसंब्याएवढी आहे. अजून पसरलेली नाही, थांबलात तर पसरेल, असं डॉक्टर म्हणतात. पण आवाज गेला तर पुन्हा मला विचारतंय कोण?

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

नर्सबाईंना पुन्हा विचारलं. (त्यांच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, एक मी मागितलंय.) गाठ काढल्यावर मिशी हळूहळू विरळ होते, पण खाली उतरलेला आवाज बहुतेकदा तसाच राहतो, म्हणाल्या. मग अडलंय कुठं? ताई, तुला भीती वाटतेय. मलाही वाटतेय, म्हणून तर यायचं सोडून पत्रं लिहीत बसलोय.

थांब, रखवालदार धापा टाकत आलाय. फाटकाशी कुणी मोठे साहेब आलेत म्हणतो, खांद्याला पर्स लावून.

ताई, तू! आता हे पत्र टाकू कुठं? समोर बसून सांगतेयस, ऑपरेशन सोमवारी. आज भरती व्हायचं होतं, पण दवाखान्याच्या दारातून परत फिरलीस. ऑपरेशनला आत नेताना चष्मा काढायला लावतात, आणि तो धरायला कुणी नव्हतं.

मालक मला रजा देत नव्हते. तू एकदाच विचारलंस, त्यांनी उभं राहून दिली.

चल. चष्मा मी धरतो.