पाण्याची आरती आणि मागची खोली

नोएडा,
२२ मे १९९७

सौ. द्वारकेस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि लोणच्याची बरणी दोन्ही पोचलं. (बरणी घेऊन आलेला तुमच्या कराडचा मुलगा इथे कलेक्टर व्हायला आला आहे म्हणे. त्याला बरणी सरळ धरता आली नाही, तेल सगळं पिशवीत. जिल्हा धरता येईल अशी आशा करू या.) ज्ञानोबारावांच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी मांडी घालून जेवायचा हट्ट सोडावा हेही सांग. तू रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना? इकडे सर्व ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, तेवढ्यापुरतं सर्व ठीक आहे.

आता मुख्य विषय. मी कराडला यायचं ठरवलं आहे, कायमचा. तुमच्या मागच्या खोलीत तू धान्याचे डबे ठेवतेस, ते एका भिंतीला सरकवलेस तर माझी खाट मावेल. बहिणीच्या घरी भावाने मुक्काम ठोकणं बरं दिसत नाही हे मला कळतं, पण बरं दिसायचं वय माझं उलटून गेलं. कारण एवढंच की या घरात मला आता काही काम उरलेलं नाही, आणि हे मी रागावून लिहीत नाही. (थोडा रागावलो आहे. पण पेन शांतपणे धरलं आहे.)

तुला इथली रीत माहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर नळ सोडला की पाणी येई, त्यात विशेष काही आहे असं कधी वाटलं नाही. निवृत्तीनंतर आपल्या मराठी मंडळींनी यमुनेपलीकडे सोसायटी काढली, तेव्हा बांधणाऱ्याने संगमरवरी फरशी दिली, गेटावर दिवे दिले, मुलांना घसरगुंडी दिली. पाणी तेवढं द्यायचं राहिलं. ते टँकरने येतं. टँकर दुपारी केव्हातरी येतो, खालच्या हौदात ओततो, चौकीदार लगेच पंप लावतो आणि हौद संपेपर्यंत पाणी वर चढतं. त्या वेळात ज्याने नळ सोडला त्याने पिंपं भरली, बाकीचे दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडे. मानस मंत्रालयात, सूनबाई बँकेत, अवनी शाळेत. तेव्हा टँकरवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते सरकारी नोकरीत कधी केलं नाही इतक्या निष्ठेने केलं. जेवण झालं की गच्चीत खुर्ची टाकून बसायचं. कोपऱ्यावर टँकर वळताना दिसला की देवघरातली घंटा घेऊन कठड्यावरून जोराने वाजवायची. मग सगळ्या जिन्यांतून नळ सोडल्याचे आवाज यायचे. समोरच्या शुभदाबाई तर म्हणायच्या, तुम्ही आहात म्हणून आमची आंघोळ होते. (वाक्य जरा चमत्कारिक आहे, पण भावना चांगली होती.)

अशात अवनीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन निघालं. अकरावीच्या मुलांनी आपापल्या वस्तीतली एखादी अडचण हेरायची आणि यंत्र बनवून ती सोडवायची. कोणी कचऱ्याचं केलं, कोणी रस्त्यावरच्या दिव्यांचं. आमच्या पोरीने पाण्याचं घेतलं. मी खूश झालो, तिला पुठ्ठे कापून दिले. मग तिने मोठ्या कागदावर तक्ता काढला. डावीकडे वर लिहिलं, 'समस्या', आणि खाली चित्र काढलं. चित्रात गच्ची होती, गच्चीत खुर्ची होती आणि खुर्चीत मी होतो. चष्म्यासकट. मी बराच वेळ त्या चित्रापुढे उभा राहिलो. छत्तीस वर्षं सरकारात काढली, माझ्यावर शेरे पुष्कळ आले, पण मला समस्या असं कोणी लिहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, की अगं, समस्या पाणी आहे की मी? ती चित्रात रंग भरत होती. त्याच्या आदल्या आठवड्यात लू, म्हणजे इथला उन्हाळी झळांचा वारा, लागून मला गच्चीतच घेरी आली होती, सोसायटीतल्या शेखसाहेबांनी खालून पाहिलं आणि धावत येऊन उचललं. (हे तुला कळवलं नव्हतं. काळजी करू नकोस, कांद्याच्या रसाने बरं वाटलं.) त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा मी डोक्यावर ओला पंचा घेऊन पडलो होतो. आता ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही उन्हात बसता ते मला बिल्कुल नाही आवडत." एवढंच म्हणाली आणि परत रंग भरायला लागली.

यंत्र सोपं होतं. हौदात (ती त्याला टंकी म्हणते, हौद शब्द तिला माहीत नाही) एक झाकणबंद रिकामा डबा तरंगत ठेवायचा. पाणी चढलं की डबा चढतो, दोन तारा एकमेकींना टेकतात आणि प्रत्येक घरात घंटी वाजते. पाणी संपलं की डबा खाली आणि घंटी बंद. माझी शेवटची आशा वीज जाण्यावर होती, ती इथे रोज जाते. पण पोरीने सगळं बॅटरीवर केलं. मानसने तिला जुन्या दिल्लीच्या बाजारात नेऊन सगळ्या घरांसाठी एकसारख्या घंट्या आणल्या. घाऊक घ्यायच्या तर दुकानदाराकडे एकच माल होता, दारावरच्या घंटीतून आरतीची धून वाजते ना, तो. बापलेकींना त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही दिसलं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

चाचणीसाठी रविवार ठरला, म्हणजे सगळे घरी. शाळेच्या विज्ञानाच्या बाई मुद्दाम बघायला आल्या, कारण पुढच्या फेरीला कोणाला पाठवायचं ते त्यांच्या हातात. सेक्रेटरी सूर्यकांत यांनी दारोदार जाऊन सांगितलं होतं, की धून वाजली की नळ सोडा. प्रत्येकाने मान डोलावली होती. मला इस्त्रीचा बुशशर्ट घालून आत पाहुण्यासारखं बसवलं होतं. दुपारी टँकर आला, हौदात पाणी पडलं, डबा चढला आणि एकाच वेळी सगळ्या घरांतून आरती सुरू झाली.

आणि सोसायटी उभी राहिली. बसलेले उठले, उठलेल्यांनी चपला काढल्या, हात आपोआप जुळले. ही धून पाण्याची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हातांना कोण सांगणार? शुभदाबाई त्यांच्या गच्चीत डोळे मिटून टाळ्या वाजवू लागल्या. त्या उभ्या आहेत म्हटल्यावर शेजारचे कसे हलणार? आरती अर्धी टाकून निघालेला माणूस म्हणून आधी कोणी नाव काढायचं, हाच प्रश्न. चौकीदाराने इमानाने पंप लावला आणि मग टोपी काढून तोही उभा. विज्ञानाच्या बाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या. सोलापूरचे आमचे शेखसाहेब कुंड्यांसाठी बादल्या घेऊन निघाले होते; सगळे उभे दिसले तशा त्यांनी बादल्या हळूच खाली ठेवल्या आणि मान लववून थांबले. बरं, दारावरची घंटी एकदा वाजून थांबते. ही हौदात पाणी असेपर्यंत थांबणार नव्हती. म्हणजे पाणी आहे तोवर आरती, आणि आरती आहे तोवर नळ बंद.

मला हे लक्षात आलं. मी बाहेर पाहिलं तर माळ्याने काल उघडीच टाकलेली बागेची नळी फुरफुरत होती आणि चढवलेलं सगळं पाणी हिरवळीवर चाललं होतं. मी काय करावं? माझ्याकडे एकच साधन. देवघरातली घंटा उचलली, गच्चीत गेलो आणि जिवाच्या आकांताने वाजवली. द्वारके, आरती चालू असताना घंटा. लोकांना फारच भरून आलं. टाळ्यांचा जोर वाढला. कोणीतरी आतून शंखही आणला. मी जितकं वाजवीन तितकी भक्ती वाढत गेली, आणि हौद रिकामा झाल्यावर डबा खाली बसला तेव्हाच सगळे थांबले. स्वतःभोवती प्रदक्षिणा घालून झाली, प्रसाद कुठे आहे म्हणून दोघातिघांनी विचारलं, आणि मग नळ सोडले. पुढचं तूच समज. हिरवळ मात्र आजही फार छान आहे.

अवनी जिन्यात बसून रडली. मी तिच्याजवळ बसलो, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला मनातून आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा खुर्चीत. लोक पुन्हा वर बघायचे, हात करायचे. पण पोरगी तुझ्यासारखी आहे, हार खात नाही. तिने आठवड्याभरात सगळ्या घंट्या बदलून साधे भोंगे बसवले. असा कर्कश आवाज, की देव सोडा, कोणी माणूसही त्यापुढे हात जोडणार नाही. टँकर आला, भोंगे वाजले, सगळ्यांची पिंपं भरली. बाईंनी तिला पुढच्या फेरीला निवडलं. त्या दिवशी कोणी गच्चीकडे बघितलं नाही, बघायचं कारणही नव्हतं. आता दुपारी सगळे मला म्हणतात, आराम करा. मी आराम करतो. आराम संपतच नाही.

म्हणून परवा जेवताना मी जाहीर केलं, की मी कराडला जातो. मानस म्हणाला, अच्छा, मग रिझर्वेशन लगेच बघायला हवं, सुट्ट्यांमुळे गाड्या फुल आहेत. सूनबाई म्हणाली, तिकडची हवा तुम्हाला मानवेल. दोघं मनाने चांगली आहेत, माझ्या भल्याचंच बोलली. अवनी पोळी कुस्करत बसली. तर असा सगळा वृत्तांत आहे. ज्ञानोबारावांना पुन्हा नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझी प्रकृती सांभाळ.

तुझा,
दादा

ता. क. खोली देऊ नकोस. मानसच्या नावाने पत्र पाठव आणि लिही की पावसाळ्यात खोली गळते, दादाला इथे ठेवता येणार नाही. (गळत नाही हे मला माहीत आहे.) ठसठशीत अक्षरात लिही, सूनबाई पत्रं जेवताना मोठ्याने वाचते. पुढे कधी बघू, असलं काही गोड लिहू नकोस. मी जातो म्हणालो तेव्हा कोणी राहा म्हणालं नाही, आणि आता मला स्वतःहून राहतो म्हणता येत नाही.

ता. क. २. एवढं लिहीत होतो तर अवनी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ती मशीन काढून टाकू का मी? मग तुम्ही नाही ना जाणार?" मी तिला रागावलो. यंत्र चांगलं आहे, शेजाऱ्यांची सोय झाली आहे, ते काढायचं नाही आणि पुढच्या फेरीला न्यायचं. ती गेल्यावर मला रडू आलं. तुझ्या पत्रात यातलं काही येऊ देऊ नकोस.

ता. क. ३. तुझा नकार ऐकून मानस जर म्हणाला, की चलो, मग दुसरीकडे कुठे बघू, तर मी तुला एक कार्ड टाकीन. त्यात तब्येत बरी आहे एवढंच लिहिलेलं असेल. ते मिळालं की खोली खरंच झाडून ठेव.