हात जोडले की निघायचं

११ नोव्हें.
ह्यांनी शेवटी व्हॅनचे पुढचे दोन्ही बल्ब बदलले. एलईडी टाकले. दिवाळीपासून एकच धोशा, रस्ता दिसत नाही, बल्ब मेलेत. भरतभाई मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, जुने एकदम बराबर होते हां. मी बोललो, पण शेठ ऐकत नाय." जुने घरी आणले. उजेडाला धरून पाहिले. तार शाबूत. मग...

१३ नोव्हें.
शिवणाच्या दुकानातून सुटल्यावर नेहमीसारखी ह्यांच्याच व्हॅनने डहाणूहून रानशेतला घरी. पुढची सीट माझी. स्टँडवर गाडीचे दिवे लागले की आतले सगळे हात जोडतात, मगच हे निघतात. आज स्टँडची समोरची भिंत पांढरीफेक. भाजीवाली जानूमावशी म्हणाली, "लग्नाचा मांडवच केलास रे!" हे खूश. समोरून येणारे मात्र डोळ्यांवर हात धरून शिव्या देत गेले. आणि एवढ्या उजेडात एका सायकलवाल्याला घासून गेलो. "मध्येच आला," म्हणे. मध्ये कसला, कडेनेच चालला होता बिचारा.

१९ नोव्हें.
ह्यांनी स्टँडवर बटण दाबलं, नमस्कार केला, गिअर टाकला. भिंत काळीच. मागे कुणीच हात जोडले नव्हते. जानूमावशी ओरडली, "दिवा नाय लागला रे, कुठं चाललास?"
"लागलाय की," हे म्हणाले.
मी हँडब्रेक ओढला. नव्या दोन्ही बल्बांची वायर सुटली होती. भरतभाईंनी येऊन बसवली.
घरी आल्यावर खोदून विचारलं. मग म्हणाले, "अंधार पडला की दिवा असला काय, नसला काय. रस्ता पाठ आहे माझा."
पाठ आहे! माणसं पाठ असतात का रस्त्यावरची?

२४ नोव्हें.
तलासरीला डोळ्यांच्या डॉ. कडे. मागचा पडदा सुकत चाललाय. औषध नाही. दिवसा अजून चालवतील, अंधारात गाडी आजपासून बंद. हे शहाण्यासारखी मान हलवत होते. बाहेर येऊन चहा घेतला. वाटलं, सुटलो.

२५ नोव्हें.
सुटलो कसले. संध्याकाळची फेरी केलीच. "हीच तर भरून जाते. आणि ही माणसं घरी कशी जाणार?" मग आवाज खाली आणून, "तू शेजारी असतेसच. कडेचं सांगत जा. जवळचं दिसतं मला, तुझे हात दिसतात. तू हात जोडलेस की निघायचं."
आणि मी जोडले. रस्ताभर बोलत आले, सायकल, म्हैस, डावीकडे बाई. घसा सुकला. स्वतःचीच किळस आली.

२७ नोव्हें.
आज ठरवूनच बसले होते. मागे जानूमावशी आणि तिची सून, सुनेच्या पदराखाली तान्हं. दिवे लागले, भिंत पांढरी झाली, मागच्यांनी हात जोडले. हे माझ्याकडे बघत थांबले. मी हात मांडीखाली दाबून धरले. म्हटलं, आज इथेच उतरू दे सगळ्यांना. इंजिन चालू. मागून "चला की, उशीर होतो."
हळूच विचारलं ह्यांनी, "लागला ना गं?"
सांगायला हवं होतं मागे वळून, सगळ्यांना. तोंडच उघडेना.
तेवढ्यात जानूमावशीच म्हणाली, "लागलाय रे बाबा, जा आता."
गाडी निघाली. नाक्यापर्यंत दात आवळून बसले. मग नाही राहवलं.
"डावीकडे माणूस आहे," म्हटलं.